रक्तातला रेविती

रेविती,

टीटी या समुद्रपक्ष्यांची पिल्लं खाण्यासाठी धरायला तू आपल्या घराण्याच्या बेटावर गेलास. तिथे फोन लागत नाही, म्हणून डॉक्टरांना माझा नंबर देऊन मोकळा झालास! आज त्यांचा फोन आला.

लिम्फोमाच्या कॅन्सरसाठी तुला माझ्या मूळपेशी दिल्या, तेव्हापासून जनुक-चाचणीत तुझं सगळं रक्त माझंच दिसायचं. "ताई, म्हणूनच मी हल्ली भांडखोर झालोय," म्हणायचास. आता त्यात तुझ्या जुन्या पेशी पुन्हा दिसल्यात, म्हणजे आजार परतत असू शकतो. चाचणी लगेच परत करायचीय.

सकाळपासून कागदावर कागद फाडतेय. जन्मभर तुला म्हणत आले, "जरा माझ्यासारखा हो." झालास. आता पुन्हा तू व्हायला लागलास, तर म्हणतेय, नको, माझ्यासारखाच राहा.

चिठ्ठी नाही पाठवत, हातातच देते. उद्याच्या हेलिकॉप्टरने मीच येते. पिल्लं राहू देत, बॅग भर.

तुझ्या रक्तातली,
मेरेआना