बॅटरी पलंगाखाली नाही, अंगणात आहे

बाबू,

स्कूटरची बॅटरी चार्जिंगवरून काढून, झाडूच्या दांड्याने ढकलत ढकलत अंगणात नेली आहे. गरम लागत होती, डबाही एका बाजूने फुगला आहे. तिला हात लावू नकोस. छकुलीला शेजारच्यांकडे ठेवलं आहे, तिला तिथेच राहू दे.

चढावर गाडी बंद पडते म्हणून तू बॅटरीच्या आतलं बीएमएसचं सर्किट काढून तारा थेट जोडल्यास, हे सूनबाईने आज सांगितलं. तिच्यावर ओरडू नकोस. अरे, कुठला सेल तापला, कुठला जास्त भरला, कुठला पार रिकामा झाला हे तेच बघतं आणि वेळेवर वीज तोडतं, असं मेकॅनिक तुझ्यासमोरच म्हणाला होता. गाडी तुला छळायला थांबत नव्हती. कामावर उशीर होतो, बोलणी बसतात, सगळं कळतं मला. पण ज्या पलंगाखाली तू ती चार्जिंगला लावतोस, त्याच पलंगावर आपली पोर झोपते.

तुझा फोन लागत नाही, म्हणून मेकॅनिकला आणायला मीच चालले आहे.

मी सारखी आडवी येते म्हणून तू माझ्याशी बोलत नाहीस. नको बोलूस. चार्जर माझ्या पिशवीत आहे, घरात शोधू नकोस.

आई