कुशाबाईंचा केस

३ फेब्रुवारी १९९९, केडगाव
आले एकदाची! स्टेशनापासून दहा मिनिटांवर कुशाबाईंकडे खोली मिळाली. अंगणात गाय आणि चार मेंढ्या. त्यांच्या सासऱ्यांच्या काळी कळप होता, आता ऊस आहे. मुलगा संपत कारेगावला कंपनीत, रविवारी येतो. मी इथल्या प्रयोगशाळेत सूत्रकृमींवर, मातीतल्या बारीक किड्यांवर, संशोधन करते म्हटल्यावर बाई पदर तोंडाला लावून हसल्या. एवढं शिकून किडे पाळायला आलीस व्हय, म्हणाल्या.

९ फेब्रुवारी
प्रयोगशाळेत सगळं मनासारखं. मज्जापेशींच्या सांध्यावर निरोप पोचवणारी प्रथिनं असतात. त्यांचं जनुक बिघडलेले कृमी विष घातलं तरी बराच वेळ वळवळतात. धडधाकट मात्र लवकर ताठतात. दर दहा मिनिटांनी प्रत्येकाला काडीला चिकटवलेल्या केसानं शिवायचं. हलला नाही तर ‘ताठला’ लिहायचं. माझे केस राठ. कुशाबाईंनी आपला पांढरा केस उपटून दिला. "घे, लोकरीवानी मऊ हाय. कर गुदगुल्या तुझ्या किड्यांला."

२ मार्च
कुशाबाईंना शेतावर ताक न्यायला घट्ट झाकणाची बाटली हवी होती. प्रयोगशाळेतली एक दिली. विषाची होती, पण नळाखाली दोनदा विसळली. नियमाप्रमाणे फोडायची असते. एवढी छान बाटली कशाला फोडायची? बाईंनी ती शेजारणीला मिरवून दाखवली. मलाही फार बरं वाटलं.

५ मार्च
कुशाबाई गेल्या.
ती बाटली ताकानं भरून आज पहिल्यांदाच शेतावर नेली होती. दुपारी बांधावर सापडल्या. तोंडाला फेस, अंग थरथरतंय, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. मी बघताच ओळखलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, पोटात काही विषारी गेलंय का. त्याला उतारा आहे. त्याचं नाव मला पाठ आहे. पण नोकरी, पोलीस... मी म्हटलं, नाही, ऊन लागलं असेल. त्यानंतर तासभर त्या जिवंत होत्या आणि मी शेजारी गप्प उभी होते.

८ मार्च
काम होत नाही. तो केस काडीसकट जाळून टाकला. घरी येऊन ही वही उघडली तर पानात होता. पांढरा. मऊ.

११ मार्च
कपाळाला काहीतरी शिवतं. घड्याळ लावून बघितलं — दर दहा मिनिटांनी. मी दचकते, मग थांबतं. मी हलते का, ते कुणीतरी बघतंय.

१४ मार्च
दहावा. कावळा शिवेना. संपत हात जोडून विचारत होता, आई, काय राह्यलंय गं तुझं? मी मान खाली घातली.
घरी आल्यावर त्यानं मला ताक दिलं. त्याच बाटलीतून. "ताई, आईला लई कवतिक हुतं तुमचं." नको म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. प्यायले.

थोड्या वेळानं
बोटं वळतायत. जीभ जड, पाय ताठले — हाक मारता येत नाही, उठता येत नाही. उरलेलं ताक संपतच्या ताटाशी. तो आत जेवायला बसतोय. लिहून तरी —
केस शिवला. हलले.
संपतदादा, ताक पिऊ नका —
शिवला. हलले, थोडी.
ती बाटली मी —
परत शिवला. कुशाबाई, लिहिते, लिहिते, एवढं लिहू द्या, आता हलता ये