निसर्गरम्य भिवंडी, मोजमापांसह

३ जानेवारी २०२५, शुक्रवार. सकाळी ७.१०
दीक्षा आणि जावई विकीराव इथला, भिवंडीजवळच्या काल्हेरचा भाड्याचा फ्लॅट सोडून नाशिकला जायचं म्हणताहेत. विकीरावांना कंपनी तिकडे बदली देते आहे, होय-नाही ३१ तारखेपर्यंत कळवायचं. दीक्षाचं म्हणणं, शहर फार मोठं नको, फार लहान नको, डोंगर-पाणी जवळ हवं, रविवारी मोकळ्यावर जाता यायला हवं. मी म्हणालो, हे तर भिवंडीचंच वर्णन. ती हसली. तिला वाटलं मी विनोद केला.
मी विनोद करत नाही. पुराव्यानिशी सिद्ध करणार.
संकल्प : रोज पहाटे पाचला निसर्ग-पाहणी. उद्यापासून.

५ जानेवारी, रविवार
कशेळीची खाडी. बगळे ११. (जवळ गेल्यावर चार प्लॅस्टिकच्या पिशव्या निघाल्या. सुधारित आकडा ७.) येताना कंटेनरच्या रांगेत १ तास ५० मिनिटं. एवढा वेळ एका जागी बसून खाडी पाहायला नाशिकमध्ये कोण देतो? मुद्दा क्र. ४ म्हणून नोंदवलं.

८ जानेवारी, बुधवार
टेकडी सापडली. घरापासून स्कूटरने ११.३ किमी. खाली माळ, वर झाडं. इथे नेचर ट्रेल आखायचा आणि २६ तारखेला, रविवारी, दोघांना चालवत वर न्यायचं. वीस वर्षं लूमवर जॉबर, म्हणजे माग जुळवून देणारा, नऊ वर्षं गोडाऊनमध्ये सुपरवायझर. कोर्स एकही केला नाही, सगळं बघून शिकलो. पण माझं माप आजवर चुकलेलं नाही.

११ जानेवारी, शनिवार. सकाळी ११.००
(पहाट हुकली. गुडघा.) तीस मीटरचा टेप लावून माळ मोजला. चुन्याची रेघ मारली, दर तीस मीटरवर खुंटी, खुंटीला लाल चिंधी. लूमवरच्या चिंध्या कामी आल्या.
पाड्यावरची तानी लाकडं घेऊन चालली होती. विचारलं, गोडाऊन कुनाचा हाय? म्हणालो, गोडाऊन नाही, शुद्ध हवेसाठी आहे. तर म्हणते, हवा मोजाया टेप लागतं? तिचा नवरा सावळ्या म्हणाला, समदं सायेब आधी असंच सांगतात. मग हळूच, वॉचमन लागंल ना? म्हणालो, निसर्गाला वॉचमन लागत नाही. तरी त्याने फोन नंबर दिला. मी लिहून घेतला. उगाच नाराज कशाला करा.

१६ जानेवारी, गुरुवार
ट्रेलचा नकाशा पूर्ण. बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. सहा जणांनी लगेच स्क्वेअर फुटाचा रेट विचारला. पण इस्टेट एजंट राघोने घरी येऊन सांगितलं, भाऊ, एवढा करेक्ट नकाशा पैसे देऊन मिळत नाही. नाशिक हायवे किती लांब, तेही टाका म्हणाला. टाकलं : ६.२ किमी. अखेर एक तरी निसर्गप्रेमी भेटला.

२० जानेवारी, सोमवार
भिवंडीचे मुद्दे ४१ झाले. शेवंताला वाचून दाखवले. भाजी निवडत ऐकून घेतलं आणि म्हणाली, अहो, लेक जवळ हवी आहे तर तिला तेवढंच सांगा ना, बगळे कशाला मोजता?
बायकांना डेटाचं महत्त्व कळत नाही. जवळ हवी, हा काही मुद्दा होत नाही. त्याला आकडा कुठे आहे?

२६ जानेवारी, रविवार
नऊला पोचलो. टेकडीच्या पायथ्याशी पत्र्याचं कुंपण. माझ्या चुन्याच्या रेघेवरून, एक इंच इकडे-तिकडे नाही. गेटवर वीस फुटी फ्लेक्स : वेअरहाऊससाठी जागा भाड्याने. त्यावर माझा नकाशा, सगळ्या मापांसकट. खाली राघोचा नंबर.
विकीराव म्हणाले, पप्पा, प्रिंट क्लिअर आली आहे. जावई सज्जन आहे.
दीक्षाने विचारलं, वरून काय दिसतं? सांगावं लागलं की वर अजून गेलेलो नाही, वरचं अंदाजे आहे. तिघांनी गेटपाशी उभं राहून डब्यातले पोहे खाल्ले. हवा चांगली होती.

३१ जानेवारी, शुक्रवार
विकीरावांनी होय कळवलं. दीक्षा म्हणाली, पप्पा, तुम्हाला काही बोलायचं होतं का? मुद्दा क्र. २६ सांगितला. (पाण्याचा दाब.)

९ फेब्रुवारी, रविवार. पहाटे ५.००
टेम्पो काल गेला. ४१ मुद्दे लॅमिनेट करून दीक्षाच्या पर्समध्ये ठेवले. शेवंता घर लावून द्यायला सोबत गेली. किती दिवस, ते सांगितलं नाही.
आज पाचला आपोआप जाग आली.

त्याच दिवशी, दुपारी २.३०
टेकडीवर गेलो होतो. गेटवर सावळ्या, खाकी शर्टात. त्याला ड्युटी लागली. म्हणाला, आत सोडता न्हाय येत, सायेब. खुंट्या तुमीच मारल्या ना. मग त्याने स्वतःची खुर्ची दिली. बसलो. लेकीला वर न्यायचं राहिलं, म्हणालो. लेक कुठं दिली म्हणाला. नाशिकला गेली म्हणालो. हा रस्ता तिकडंच जातो, म्हणाला.
टेप डिकीत होता. गेटपासून हायवेपर्यंत मोजत गेलो.
बोर्डावरचं माप चुकलं आहे. ६.२ नाही, ६.४. दोनशे मीटर लांब आहे.