सुई उचलली तिथे

तिसगाव, मार्च १९७२. सोमवार

"या संगीतकाराला त्याच्या देशातही कोणी ऐकत नाही, तुम्ही तरी ऐका," असं म्हणत मिशनच्या डच नर्सबाईंनी ती सिंफनीची रेकॉर्ड दिली होती. ह्यांचा ताप उतरेना, जरा बरं वाटेल म्हणून इतक्या वर्षांनी आज लावली. मध्येच ढोल सुरू झाले, थेट हलगीसारखे. सासूबाई धावत आल्या. "कोन गेलं गं? आजारी मानसाच्या उशाशी मयताची हलगी लावतीस व्हय?"

घाबरून सुई उचलली. तेव्हापासून ह्यांचा श्वास अडला की मला हलगीच ऐकू येते. नेमकी हलगीवरच थांबवली, म्हणून ती घरातच राहिली का? पुढे बासरी होती ना? आठवत नाही.

सासूबाई नाहीच म्हणतील, तरी उद्या विचारीन: आई, एकदाच शेवटपर्यंत वाजू द्या, म्हणजे ती हलगी घराबाहेर जाईल.