झाकणावरचं सील

सोमवार
आई म्हणायची, घर घेताना दिवाणखाना बघू नये, मोरी बघावी. बघितली. बादलीभर पाणी ओतलं, गुडगुडत छान गेलं. मागच्या अंगणात सेप्टिक टँकचं लोखंडी झाकण आहे, त्यावर पालिकेचं सील. त्याच झाकणावर खुर्ची टाकून ह्यांनी चहा घेतला. घर ह्यांच्या नावावर झालंय. म्हणाले, केस पिकले, पण मालक झालो बाई एकदाचा!

बुधवार
मोरी तुंबली. काळं पाणी उंबऱ्यापर्यंत आलं. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून बजावलं, झाकणाला हात लावू नका हं, निरीक्षक साहेबांसमोरच उघडायचं, नाहीतर घराला कुलूप. इथे माणूस मेला तर चालतं, म्हणे, सील तुटलेलं चालत नाही. आम्ही दोघं हसलो.

शुक्रवार
साहेबांसमोर गाडीने टाकी उपसली. आत भिंतीला तडा गेलाय. पण तो बुजवायची परवानगी वेगळी, ती कधी मिळेल सांगता येत नाही. साहेबांनी पुन्हा सील लावलं. संध्याकाळी मोरी परत तुंबली. आम्ही थेंबही सांडला नव्हता.

रविवार
कचेरी बंद म्हणून ह्यांनी सील तोडलं. टाकी कोरडी ठणठणीत. मग मोरीत येतंय ते कुठून? सिमेंटचं घमेलं घेऊन हे शिडीने उतरले. खालून ओरडले, तडा रुंदावलाय, माणूस जाईल एवढा, पलीकडे खोलीसारखं काहीतरी आहे. मी म्हटलं, वर या आधी. म्हणाले, कोणी आलंच तर झाकण लाव, मी गप्प राहीन.

सुट्टी असूनही साहेब आले. मी झाकण लावलं. घराला कुलूप नको, एवढंच मनात होतं. त्यांनी तुटलेलं सील पाहिलं आणि नवं लावायला घेतलं, तेव्हा मी खरं सांगितलं. त्यांनी झाकणावर बूट आपटला. आतून हूं की चूं नाही. गप्प राहायचं ठरलं होतं ना! साहेब म्हणाले, उघडायचं असेल तर मालकाच्या सहीचा अर्ज आणा.

ते गेल्यावर पहारीने झाकण उघडलं. शिडी होती. घमेलं होतं. भिंत अखंड, तडा कुठेच नाही. भिंतीमागून ह्यांचा दबका आवाज आला. गेले का ते?

सोमवार
मी टाकीत उतरून भिंतीवर हातोडा मारत होते. काकूंनी कळवलं, माझ्याच भल्यासाठी. पालिकेच्या माणसांनी मला ओढून वर काढलं. झाकण वेल्डिंगने बंद केलं. नवरा पळून गेला असणार, असं पालिकेत ठरलं. मालक नाही, म्हणून अर्ज नाही.

मंगळवार
आता मोरीतून विचारतात. गेले का ते? गेले हो, या ना — ऐकू जात नाही बहुतेक. मी पालथी पडून सांगते. परत तेच विचारतात.

बुधवार
आज आवाज दोन. दुसरा ह्यांचा नाही — तोही तेच —

गुरुवार
साहेब कुलूप घेऊन आलेत. दार वाजतंय. नाहीच म्हणतील, माहीत आहे. तरी हात जोडून — साहेब, घर घ्या, वाटेल तिथे माझी सही घ्या, फक्त ते झाकण एकदा —