मागील दारची निळी वेल

ठाणे, माघ व. ७
सासूबाईंचे दुखणे वाढल्याचे पत्र. सौ. धाकट्या मेव्हण्याबरोबर माहेरी माणदेशी गेली. जाताना माझ्या जेवणाचे काही बोलली नाही, मागील दारच्या रानवेलीचेच बोलली. "पाणी घालू नका हं. माळावरची आहे ती, दवावर जगते." वेलीचा गड्डा सासूबाईंनी स्वतः खणून दिलेला. सकाळी निळी फुले, दुपारपर्यंत मिटतात.

फाल्गुन शु. ३
उन्हाने पाने मलूल. तहानलेले झाड आम्हा ठाणेकरांना बघवत नाही. तांब्याभर घातले.

फाल्गुन शु. १२
रोज घालतो. तरी पिवळी पडते. आजपासून दोन तांबे.

फाल्गुन व. ५
उकरून पाहिले. गड्ड्याचा लगदा, घाण वास. कचेरीत जाताना खाडीत टाकला. संध्याकाळी पत्र. सासूबाई गेल्या.

चैत्र शु. ८
सौ. आली. पाय न धुता आधी मागील दारी. "वेल कुठाय?" तिचे तोंड पाहून खरे सांगवेना. तोंडून निघून गेले, "हिरूच्या शेळीने खाल्ली."
हिरू शेजारची कोळीण. या गावात हिची तेवढी एकच मैत्रीण. मुके जनावर, काय बोलणार, असे वाटले. लाज वाटते.

चैत्र शु. १२
हिरू मासळी घेऊन आली. हिने दार लावून घेतले. बाहेरून हिरू, "बाय, जनावर हाय त्ये. मी काय करू, सांग ना." आत मी पागोटे बांधत उभा. पागोट्याला इतका वेळ कधी लागला नव्हता.

चैत्र व. ४
हिरूने शेळी कल्याणच्या बाजारात विकली. तिच्या दुधावर नात वाढत होती. दाराशी येऊन म्हणाली, "गेली शेली. आता तं बोल, बाय."
हिने मला विचारले, "बोलू?" सगळे सांगायचे म्हणून तोंड उघडले. "बोल," एवढेच म्हणालो.

चैत्र व. ६
दोघी दुपारभर मागील दारी. आईसाठी ही आज पहिल्यांदा पोटभर रडली. हिरूही रडली.
रात्री वाढताना सहज म्हणाली, "आमच्याकडे शेळ्या त्या वेलीला तोंड लावत नाहीत. इथल्या लावत असतील."
मी पानाकडे पाहत राहिलो. तिने न विचारता आणखी भात वाढला.
उद्या कल्याणला जाऊन शेळी कोणी घेतली ते विचारावे. की आधी हिला