बेटावर जायच्या आधी

माझगाव, मुंबई
४ मार्च १९८१

ती. चंद्राताईस,
कुसाचा सप्रेम जय भीम वि. वि.

बातमी ऐकून तू हसशील. यांची बोट दुरुस्तीसाठी ग्रीसला लागणार आहे. मालकाने यांना महिन्याची सुट्टी आणि माझं विमानाचं तिकीट देऊ केलंय. जवळच्या एका लहानशा बेटावर खोली बघितलीय. तिथे मोटारी नाहीत, गर्दी नाही. खायचं, झोपायचं आणि पाण्याकडे बघत बसायचं, असं यांनी लिहिलंय. मी तर आत्तापासूनच आळशी झालेय! तेवढे दिवस छकुलीला ठेवून घेशील ना? ती मावशीचं नाव घेऊनच उड्या मारते.

दाजींना नमस्कार. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
कुसा

एकलहरे, नाशिक
११ मार्च १९८१

चि. कुसास,
अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं.

छकुलीचं जमणार नाही. यांची रात्रपाळी आहे, दिवसा झोप हवी असते. इथली वीजकेंद्राची राख दोरीवरच्या कपड्यांवर बसते, पोरीचा खोकला वाढेल.

तू निवांत पडून राहा. आम्ही लग्नानंतर देवळाली कॅम्पच्या पुढे गेलो नाही. कोंडाजीरावांचं स्थळ आधी मला सांगून आलं होतं, तुला माहीत आहे. बोटीवरच्या माणसाला मुलगी देणार नाही, असं बाबा म्हणाले. तुझ्या वेळी तेच बाबा पेढे वाटत फिरले. लिहायचं नव्हतं, लिहिलं गेलं.

कळावे,
चंद्रभागा

माझगाव, मुंबई
१६ मार्च १९८१

ताई, जय भीम.

रागाने लिहीत नाही. मागच्या रजेत हे जेवता जेवता म्हणाले, "या घरात मी पाहुणाच आहे. पुढच्या रजेला बोटीवरच राहिलेलं बरं." छकुली यांच्याजवळ जात नव्हती, आणि मलाही यांच्याशी काय बोलावं ते सुचत नव्हतं. बेटाचं यांनीच काढलं. एकदा दोघंच राहून बघू, नाही जमलं तर तसं ठरवू, म्हणाले. आरामाचं मी तुला वरवर लिहिलं.

तुझ्याकडे येते तेव्हा दाजी कामावरून येतात, सायकल भिंतीला टेकवतात आणि आधी तुला हाक मारतात. ती हाक ऐकली की मी मोरीत जाऊन तोंड धुते. तुला वाटतं तूच जळतेस.

तुझी,
कुसा

एकलहरे, नाशिक
२१ मार्च १९८१

चि. कुसास,
आशीर्वाद.

रविवारी हे छकुलीला न्यायला येतात. खोकल्याचं औषध आणि तिची उशी बरोबर दे.

मन साफ झालं, असं खोटं लिहीत नाही. तू विमानात बसशील त्या दिवशी मला घास उतरायचा नाही. तिकडचा एकही फोटो पाठवू नकोस. पण दोघं मिळूनच परत या आणि आधी नाशिकला उतरा. मग मीच विचारीन, कसं होतं ते.

कोंडाजीरावांना नमस्कार सांग. माझा लोभ आहेच. वाढायला मात्र त्याला थोडा वेळ दे.

तुझी,
ताई